वीतभर उंचीचं यंत्र आणि आमची गणपतीची शाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की हल्ली चांगली तिशी ओलांडलेली माणसं परदेशातून प्लॅस्टिकच्या बाहुल्या मागवतात आणि रात्र रात्र रंगवत बसतात, हा पैशाचा आणि वयाचा अपव्यय आहे, आपल्या मातीशी त्याचा काही संबंध नाही वगैरे. त्यांचा हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी त्याच माणसांपैकी एक, वय ४२, वेंगुर्ले तालुक्यात एका काजू कारखान्यात हिशेब बघतो, आणि गेले आठ महिने मी एकच बाहुली रंगवत होतो ती गेल्या रविवारी पुरी झाली, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर मधलं कापा, फक्त शेवटी गणपतीच्या शाळेबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

आधी ही वस्तू काय ते सांगतो. टेबलावर खेळायच्या लढाया असतात, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून आपले सैनिक पुढे सरकवायचे, आणि प्रत्येक खेळणारा आपलं सैन्य स्वतः जोडून स्वतः रंगवून आणतो. त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे वॉरहॅमर ४०,०००, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ मध्ये काढला. त्यातला साधा सैनिक बोटाच्या दीड पेराएवढा असतो, ३२ मिलिमीटरच्या गोल चकतीवर उभा. मी रंगवला तो सैनिक नाही, तो नाइट, म्हणजे दोन पायांवर चालणारं प्रचंड यंत्र, ज्याच्या पोटात एकच सरदार बसून ते हाकतो. याचं किट पहिल्यांदा २०१४ मध्ये आलं. उंची वीतभराला थोडी कमी, आणि उभा राहतो तो १७० मिलिमीटर लांबीच्या लंबगोल पाटावर. माझी ताई लीड्सला असते, तिच्या मुलाने खेळ सोडला आणि न उघडलेला खोका घरात पडून होता, तो ती मे महिन्यात घेऊन आली. मी त्याआधी चारपाच वर्षं छोटे सैनिक रंगवत होतो त्यामुळे मला वाटलं काय, तेच काम, जरा जास्त रंग लागेल.

ते तेच काम नाही. हे मला सांगायचंय, कारण जे कोणी नवीन सुरू करतायत त्यांना कोणी हे सांगत नाही. छोटा सैनिक तुम्हाला सांभाळून घेतो. त्याच्या अंगावर इतक्या चुण्या, पट्टे, खाचा असतात की गडद पातळ रंगाचा वॉश ओतला की तो आपोआप खाचांत जाऊन बसतो, वरून कोरड्या ब्रशने हलका रंग घासला की उंच कडा उजळतात, आणि अर्ध्या तासात माणूस उभा राहतो. मोठ्या यंत्रावर तसं नाही. त्याच्या खांद्याचा पत्रा माझ्या अंगठ्यापेक्षा मोठा, आणि गुळगुळीत सपाट. त्यावर वॉश ओतला तर तो कुठेच बसत नाही, वाळताना कडेला जमतो आणि मागे डाग सोडतो, ओहोटीनंतर पुळणीवर रेघ राहते ना तसा. ब्रशाचा प्रत्येक फटकारा दिसतो. छोट्या सैनिकावर जी चूक कोणाला दिसणार नाही ती इथे खोलीच्या दारातून दिसते.

पहिला खांदा मी तीनदा रंगवून तीनदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला. तिसऱ्या वेळी बाबा पडवीत बसून बघत होते.

बाबांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी गणपतीची शाळा आहे, आजोबांनी सुरू केलेली, आता चुलतभाऊ चालवतो, दरवर्षी साठ-सत्तर मूर्ती होतात. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, कोकणात मूर्ती करायच्या जागेला कारखाना कमी म्हणतात, शाळा म्हणतात, आणि लोक आधी आपापला पाट आणून ठेवतात आणि त्या पाटावर त्यांची मूर्ती होते. बाबांनी तिथे पन्नासेक वर्षं आखणी केली. आखणी म्हणजे डोळे, भुवया, गंध, सोंडेवरची नक्षी, सगळी बारीक रेषेची कामं. गेली तीन वर्षं हात थरथरतो म्हणून त्यांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. शाळेत जातात, बसतात, बोलत नाहीत. आणि माझ्या सैनिकांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, इतके बारीक आहेत की त्यांना ते दिसतच नव्हते असं त्यांनी नंतर सांगितलं. हे यंत्र त्यांना दिसलं.

तर तिसऱ्यांदा खांदा धुताना ते म्हणाले, "रंग इतको दाट कित्याक घेतलंस रे? सोलकढीसारखो पातळ कर आणि तीनदा मार." मी म्हटलं बाबा हे प्लॅस्टिक आहे, शाडू नाही, हे ॲक्रिलिक आहे, तुमच्या रंगासारखं नाही. त्यावर ते म्हणाले, "रंगाक काय ठावक ह्यो गणपती काय रावण."

मग त्यांनी मला पोट रंगवायची रीत सांगितली. गणपतीचं पोट म्हणजे मोठा, गुळगुळीत, गोल भाग, तिथे एकही फटकारा दिसता कामा नये. एका बाजूने सुरू करायचं, ओली कड पुढे पुढे ढकलत न्यायची, आणि मागे वळायचं नाही, मागे काही राहिलं असं दिसलं तरी नाही. कारण मागचा रंग अर्धा सुकलेला असतो आणि त्यावर ओला ब्रश गेला की तो सोलून निघतो. राहिलेलं पुढच्या हातात भरून निघतं, म्हणूनच पातळ रंगाचे तीन हात. मी इतकी वर्षं इंग्रजी व्हिडिओ बघून नेमकं उलट करत होतो, डाग दिसला की लगेच त्यावर परत ब्रश. त्या रात्री मी चौथ्यांदा खांदा रंगवला आणि सकाळी उजेडात नेऊन बघितला, एकही रेघ नव्हती.

आणि इथे मला एक गोष्ट कळली ती मी कुठे ऐकलेली नाही. बाहेरच्या देशातली माणसं सांगतात की ॲक्रिलिक फार पटकन सुकतं म्हणून ओल्या स्पंजावर बटर पेपर ठेवून त्यावर रंग घ्या. मे महिन्यात ते खरं आहे, आमच्याकडे मेमध्ये फरशीवर रंगाचा ठिपका ठेवला तर पंखा चालू असताना पाच मिनिटांत कातडं धरतं. पण जुलैत हवेत ओल ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा तोच रंग आरामात ओला राहतो. म्हणजे दोन रंग एकमेकांत मिसळवत न्यायचे असतील, गडद लालातून फिक्या लालात, मोठ्या पत्र्यावर, तर ब्रशासाठी कोकणातला पाऊस हा सगळ्यात चांगला काळ. माझे दोन्ही खांदे, गुडघे आणि पाठीचं मोठं कवच मी आषाढात रंगवलं आणि ते जसं झालंय तसं मला मेमध्ये किंवा पुण्यात बसून जमलं नसतं. स्पंज मात्र पावसात दोन दिवसांत बुरशी धरतो, रोज उकळत्या पाण्यात टाकावा लागतो.

स्प्रेचं बरोबर उलट, आणि तिथे मी चूक केली. जुलैच्या शेवटी दोन दिवस ऊन पडलं, मला वाटलं पाठीचं कवच झालंय तर त्यावर मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, वॉर्निशचा स्प्रे मारून टाकू, म्हणजे पुढचं काम करताना खालचा रंग खरवडणार नाही. अंगणात नेलं, मारला, आत आणून ठेवलं. तासाभराने बघतो तर अख्खं कवच पांढरट, आरशावर वाफ धरावी तसं, महिन्याभराचं काम त्या धुक्याखाली. ऊन पडलं म्हणून हवा कोरडी होत नाही हे मला कळायला हवं होतं. स्प्रेतला द्राव झपाट्याने उडून जातो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर सुटतं आणि सुकणाऱ्या थरात अडकतं, त्यामुळे थर खरखरीत होतो आणि उजेड सगळीकडे फाकतो, म्हणून पांढरं दिसतं. मी त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वॉर्निश ब्रशने लावून बघितलं, ते त्या खरखरीत थराच्या बारीक खळग्यांत भरलं आणि खालचा लाल बराचसा परत वर आला, डाव्या कोपऱ्यात थोडं धुकं राहिलं ते अजून आहे. मॅट वॉर्निश मग मी नोव्हेंबरमध्ये मारलं, थंडी पडल्यावर, दुपारी. कोकणातल्या कोणीही हा छंद करत असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं, जूनपासून दसऱ्यापर्यंत स्प्रेच्या डब्याला हात लावू नका, प्राइमरसुद्धा, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, ब्रशने लावायचा मिळतो तो वापरा.

शाळेत पावसात मूर्ती वाळवायला मोठे हॅलोजन लावतात, तेही मी करून बघणार होतो पण भावाने वेळेत थांबवलं ते बरं झालं. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन आहे, १०० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि बारीक तुकडे त्याच्या आधीच वाकतात. पंखा आणि धीर एवढंच.

ऑगस्टमध्ये मी खोका बंद करून ठेवला. चतुर्थी तोंडावर असताना आमच्या घरात दुसरं काही होत नाही, मीही शाळेत पितांबर रंगवायला बसतो. पण या वर्षी मी बघत बसलो. म्हणजे लहानपणापासून जे बघत आलोय तेच, पण आता मला प्रश्न होते. कुठून सुरू करतात, कशाला कधी हात लावतात. आधी अंग, मग वस्त्रं, मग दागिने, मग आखणी, आणि त्यातही डोळे अगदी शेवटी. का शेवटी, तर बाबा म्हणाले, "नजर खंय थांबतली ता आधी ठरव, मगे बाकीचा त्याच्यापेक्षा गप्प ठेव." मोठ्या कामात हाच मुख्य मुद्दा आहे असं मला आता वाटतं. छोटा सैनिक एका नजरेत मावतो, मोठं यंत्र मावत नाही, नजर त्याच्यावर फिरते, आणि तुम्ही सगळीकडे सारखीच कारागिरी केलीत तर ती कुठेच थांबत नाही, नुसती दमते. मी तोवर प्रत्येक बोल्ट चमकवत होतो. गणपतीनंतर परत काढलं तेव्हा पायातले सगळे दांडे, पिस्टन मी काळपट केले, चमक काढून टाकली, आणि उजळपणा ठेवला फक्त मुखवट्यापाशी आणि छातीच्या वरच्या भागात. चांगलं झालेलं काम असं मुद्दाम विझवताना जीवावर येतं. पण ते केल्यावरच ते यंत्र कोणाकडे तरी बघतंय असं वाटायला लागलं.

जोडण्याबद्दल थोडंसं. असं मोठं मॉडेल पूर्ण जोडून रंगवू नका, ब्रश आत पोचत नाही. या प्लॅस्टिकचा सॉल्व्हंट गोंद चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकांत मुरतात, नंतर सोडवायचं म्हटलं तर मोडतंच. म्हणून सांगाडा वेगळा, पत्रे वेगळे, हात वेगळे. परदेशात त्यासाठी स्टँड विकत मिळतात. मी प्रत्येक पत्रा छोट्या क्लिपने माडाच्या हिराला, म्हणजे झावळीच्या काडीला, लावला आणि हीर नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या जाड सालात, टोचले, सोडण जड असतं, कलंडत नाही, ओलं चालतं, आणि आमच्या परसात त्याचा ढीग पडलेला असतो.

आता गंज. मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आनंद गंज रंगवताना मिळाला. यंत्र लढाईतलं आहे, जुनं आहे, तर ते कोरं करकरीत दिसून चालणार नाही. मी आधी सगळीकडे केशरी ठिपके मारले, ते गोवरासारखे दिसायला लागले. मग सप्टेंबरमध्ये दर रविवारी सकाळी बंदरावर जाऊन ट्रॉलर बघायला लागलो. गंज कुठेही येत नाही. जिथे रंग आधी टवका उडून गेला तिथे येतो, बोल्टच्या डोक्याखाली, साखळी घासते त्या कडेला, वेल्डिंगच्या जोडावर. आणि तिथून तो खाली ओघळतो, पाणी जातं त्या वाटेने, वर रुंद आणि खाली निमुळता. जुना गंज जवळजवळ काळा, तपकिरी, आणि त्याच्या कडेलाच नवा केशरी. हे एकदा डोळ्यात बसल्यावर हात आपोआप चालतो. टवके दाखवायला पॅकिंगच्या स्पंजाचा तुकडा फाडून गडद रंगात बुडवायचा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा, मग कडांवर हलकेच दाबायचा.

एका ढालीसारख्या पत्र्यावर मी मिठाची रीत केली. खाली गंजाचा रंग, तो पक्का वाळला की पाण्याने ओला करून त्यावर जाडं मीठ भुरभुरायचं, ते चिकटून वाळलं की वरून लाल रंग पातळ फवारायचा, आणि मग पाण्याने मीठ धुवून काढायचं, मीठ होतं तिथे खालचा गंज उघडा पडतो, एकही टवका दुसऱ्यासारखा नसतो. मीठ शिरोड्याचं वापरलं. १९३० मध्ये जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडे आमच्याच तालुक्यातलं, लहानपणी आजोबांबरोबर मिठागरं बघायला गेलो होतो. ते मीठ या कामाला फार चांगलं, त्याचे खडे लहानमोठे असतात, पाकिटातल्या बारीक मिठाने सगळे टवके सारखे येतात.

कडांच्या उजेडावरून माझं आणि बाबांचं भांडण झालं होतं ते सांगायचं राहिलं. या छंदात प्रत्येक पत्र्याच्या कडेला फिकट रंगाची बारीक रेघ ओढतात, वस्तू उठून दिसावी म्हणून. बाबांचं म्हणणं, खऱ्या लोखंडाला अशी पांढरी रेघ नसते, ही खोटी. मला उत्तर देता येईना. ते सापडलं डिसेंबरमध्ये, जत्रेत, दशावतार बघताना. मी लवकर गेलो होतो आणि नट रंगायला बसले होते तिथे मागे जाऊन उभा राहिलो. जवळून तो रंग केवढा भडक असतो, गालावर लाली थापलेली, भुवया बोटभर जाड. आणि तोच माणूस मध्यरात्री दिव्याखाली उभा राहिला, मी शेवटच्या रांगेत, तर त्याचा राग मला तिथून दिसत होता. लांबून बघायच्या तोंडावर उजेड पुरा पडत नाही म्हणून तो रंगाने आणावा लागतो. छोट्या सैनिकाचंही तेच, इतक्या लहान वस्तूवर खऱ्या दिव्याची सावली नीट पडतच नाही, म्हणून सावली आणि उजेड दोन्ही आपणच काढायचे. मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, पण तुझं हे यंत्र मोठं आहे, त्याच्यावर खरा उजेड पडतोय की. आणि तेही बरोबर होतं. त्यामुळे वरच्या पत्र्यांच्या कडांवरच्या अर्ध्या रेघा मी परत लाल केल्या, आणि खाली जिथे सावलीच असते, मांड्यांच्या आत, काखेत, तिथे तेवढ्या ठेवल्या.

यंत्राच्या सरदाराच्या घराण्याची खूण खांद्यावर असते. खोक्यात त्याचे पाण्याने लावायचे स्टिकर मिळतात, गरुड, कवट्या वगैरे. मला ते लावावेसे वाटले नाहीत. आमच्यापासून तासाभरावर सावंतवाडी आहे, तिथला गंजिफा सगळ्यांना माहीत आहे, दशावतारी गंजिफा म्हणजे खेळायच्या पत्त्यांची १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी ही कला बुडता बुडता वाचवली. त्या पानांची तयारी बघितलीत तर माझ्या टेबलावरचीच आहे, आधी चिंचोक्याची खळ लावून पृष्ठभाग बांधून घ्यायचा, तो माझा प्राइमर, मग रंग, आणि वरून लाखेचा थर, ते माझं वॉर्निश. मी ठरवलं खांद्यावर गंजिफासारखं गोल पान काढायचं. बाबांना विचारलं तर त्यांनी एकच अट घातली, "देव काढू नको, खूण काढ." युद्धाच्या खेळातल्या यंत्रावर देव नको, मलाही ते पटलं. तेव्हा डाव्या खांद्यावर मासा, उजव्यावर परशू, भोवती पिवळी काठ आणि त्यात पाकळ्या. दोन्ही वर्तुळं मिळून अकरा रात्री लागल्या. ब्रशाच्या टोकावर रंग सुकू नये म्हणून दर तिसऱ्या रेघेला पाणी, श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना नाही. हेही बाबांचंच.

पाटावर मी कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, केला. जांभ्याचे खरे तुकडे, जांभा कुटून फडक्यातून गाळलेली धूळ पायांवर गुडघ्यापर्यंत, वाळका काथ्या कापून गवत. पुळणीची रेती वापरणार असाल तर गोड्या पाण्यात चारपाचदा धुवा, नाहीतर पावसात मीठ वर फुटतं आणि आतली तार गंजते, माझा एक जुना सैनिक असा गेला. आणि एका सपाट जागेवर सुईने एक बारीक कातळशिल्प कोरलंय, कुडोपीला बघून आलो होतो त्यावरून. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, मालवण तालुक्यातल्या लोकांनीही अजून कुडोपी बघितलेलं नसतं, जाऊन या.

आता त्या गृहस्थांना माझं उत्तर. आपल्या मातीशी याचा संबंध नाही असं तुम्ही लिहिलंत. खोका परदेशी आहे, खेळ परदेशी आहे, गोष्टही त्यांचीच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच्यावर जो हात फिरला तो इथलाच आहे. दिवाळीत आपण सगळ्यांनी अंगणात मातीचे किल्ले केले, त्यावर मातीचे मावळे मांडले, मोहरी पेरून रान उगवलं, कोणता मावळा कुठल्या बुरुजावर त्यावरून भावंडांशी भांडलो. लढाईचा देखावा मांडणं आपल्याला काही नवीन नाही. आणि पैशाचं म्हणाल तर खोका भेट मिळालेला, रंगाच्या बाटल्या मी पाच वर्षांत एकेक करून जमवल्या, आठ महिन्यांत नवीन घेतलं ते दोन ब्रश, तीन रंग आणि वॉर्निश. त्या बदल्यात माझे वडील तीन वर्षांनी रंगाबद्दल बोलायला लागले. मी आणखी काय विधायक करायला हवं होतं मला माहीत नाही.

दोन गोष्टी काळजीच्या. पहिली, मास्क. स्प्रे मारताना, रेझिनचे मॉडेल घासताना मास्क लावा, रेझिन ओलं करूनच घासा, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. आमच्या शाळेत आधीच्या पिढीने लस्टरची, म्हणजे चमकीच्या रंगाची, पूड उघड्या तोंडाने उडवली, त्यांचा खोकला मी ऐकत मोठा झालोय. दुसरी, ब्रश. अजूनही कोणी कोणी आखणीसाठी मुंगसाच्या केसांचा ब्रश चांगला म्हणून विकतात. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याच्या केसांचा ब्रश विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि एका ब्रशासाठी जीव जातो. मी सिंथेटिकच वापरतो, माशाचे खवले त्यानेच काढलेत.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. कोकणात गावोगावी गणपतीच्या शाळा आहेत. चतुर्थी झाली की त्यांना कुलूप लागतं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत. आत टेबलं आहेत, चांगले दिवे आहेत, कॉम्प्रेसर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी माझ्या बाबांसारखा कोणीतरी बसून आहे ज्याचा हात आता चालत नाही पण डोळा चालतो. आणि त्याच गावात दहावी-बारावीची मुलं आहेत ज्यांना रंगवायचंय, कोणाला गाड्या, कोणाला रोबो, कोणाला क्रिकेटपटू. शाळावाल्यांनी आठवड्यातून एक दुपार दार उघडलं तर दोघांचीही गाठ पडेल. मुलांनी गणपतीच रंगवायला शिकावं असा आग्रह नको, त्यांना आवडतं ते आणू द्या, रीत तीच आहे. मूर्तिकारांना पुढे हात मिळत नाहीत अशी तक्रार आपण दर चतुर्थीला तुमच्याच पेपरात वाचतो, ते हात आत्ता मोबाईलवर यंत्रमानवाची चित्रं बघतायत. त्यांना तो यंत्रमानव घेऊन शाळेत येऊ द्या. आणि तुमच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अशा रंगवणाऱ्यांच्या कामाला चार बोटं जागा दिलीत, फोटोसकट, तर लोकांना कळेल की आपल्या तालुक्यात आणखी कोण कोण आहे. मला अजून एकही माणूस माहीत नाही जो वेंगुर्ल्यात हे करतो, असणार नक्की.

आमच्या शाळेपुरतं भावाने हो म्हटलंय. येत्या रविवारपासून दुपारी तीन ते साडेपाच दार उघडं असेल, पैसे नाहीत, गणपतीची शाळा कुठे म्हणून बाजारात विचारलं तर कोणीही सांगेल. येताना जुना टूथब्रश, एक बशी आणि घालून खराब झाला तरी चालेल असा शर्ट आणा, रंग आम्ही देऊ. बाबा बसलेले असतील. दाट रंग घेतलात तर ते बोलतील, वाईट वाटून घेऊ नका.

आपला,
एक वाचक,
वेंगुर्ले तालुका